निळे ठिपके, पांढरं व्हिनेगर आणि १,२९९ रुपयांचं किट

किट ऑनलाइन मागवलं, १,२९९ रुपयांना. खोक्यात सात वस्तू निघाल्या: गाडीचा शाम्पू, डॅशबोर्डचं पॉलिश, टायरला लावायचं शाईन, काचेचा स्प्रे, एक स्पंज आणि मायक्रोफायबरची दोन कापडं. पाचपैकी दोन तारे देतेय. एक तारा कापडांचा. दुसरा कशाचा, ते शेवटी येईलच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी किटं डझनाने मिळतात आणि मला तरी लेबल सोडून त्यांच्यात फरक दिसला नाही.

आमच्याकडे गाड्या दोन. माझी पांढरी वॅगनआर, वय ९ वर्षं, रोज नाशकातल्या मखमलाबादहून शरणपूर रोडला ऑफिसात जाते आणि येते. दुसरा ह्यांचा पिकअप, जो बागेतून मार्केट यार्डात आणि मार्केट यार्डातून बागेत एवढंच जग बघतो. आम्ही मळ्यात राहतो. म्हणजे गाडीवर धूळ बसते ती शहरातल्यासारखी नुसती धूळ नसते. मुरूम, पालापाचोळा, फवारणीचं पाणी, द्राक्षाचा रस, आणि पावसाळ्यात गुडघाभर काळी माती. किट घेतलं ते एवढ्यासाठीच, की जाहिरातीत बाई हसत हसत गाडी पुसत होती आणि तिच्या ओढणीवर एक डाग नव्हता.

डॅशबोर्डचं पॉलिश रविवारी लावलं आणि सोमवारी मुंबईला निघालो. डॅशबोर्ड असा चमकला की बघत राहावं. बघतच राहावं लागलं, कारण कसाऱ्याच्या घाटात दुपारचं ऊन पडल्यावर त्याचं सगळं प्रतिबिंब समोरच्या काचेत उतरलं आणि पुढच्या कंटेनरचे ब्रेकलाइट बघायला मला मान तिरपी करावी लागत होती. वर ते तेलकट. आठ दिवसांत त्यावर धुळीची साय बसली, ती फडक्याने पुसली की पसरायची. शेवटी भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब मगभर पाण्यात टाकून, कापड घट्ट पिळून, सगळं पॉलिश काढून टाकलं. तेव्हापासून डॅशबोर्डला फक्त ओलं कापड आणि लगेच कोरडं कापड. खाचांमधली धूळ काढायला जुना रंगाचा ब्रश, एसीच्या जाळीला तोच.

टायरच्या शाईनबद्दल एकच सांगते. लावून पाच मिनिटांत गाडी बाहेर काढली, तर चाकाने ते दोन्ही दारांवर अर्धगोलात उडवलं. पांढऱ्या गाडीवर काळे शिंतोडे. लग्नाच्या घराला कुंकवाचे हात उमटवतात तसं काहीतरी.

स्पंजाचं मात्र मनाला लागलं, कारण त्याने कायमचं नुकसान केलं. स्पंज सपाट असतो. मुरमाचा कण त्याच्या तोंडावर अडकला की तिथेच राहतो, आणि आपण साबणाच्या फेसात सगळ्या बॉनेटवर तो कण फिरवत बसतो. ओली असताना काही कळत नाही. सकाळचं तिरपं ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. आता आधी नुसत्या पाण्याने माती सोडवते, मग दोन बादल्या घेते, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. कापड प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळखळून मगच पुन्हा साबणात. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाला मी स्टीलची चाळणी उपडी ठेवते. कण खाली बसतात आणि कापडाला पुन्हा लागत नाहीत. चाळणी स्वयंपाकघरातली होती. आता नाही. सासूबाईंना त्याचं अजून वाईट वाटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

श्रावणात बागेत बोर्डोची फवारणी चालू होती. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं हे आकाशी रंगाचं मिश्रण, द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी मारतात. १ टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मी ऑफिसातून आले, शेडमध्ये पिकअप होता म्हणून गाडी बांधाला लावली. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर बागेच्या पलीकडच्या टोकाला होता. ट्रॅक्टर वळला, वारा वळला, आणि मी चहा पीत होते. सकाळी बघते तर पांढरी वॅगनआर निळ्या ठिपक्यांची. काचा, आरसे, वायपर, सगळीकडे. बोर्डो मुळात पानाला चिकटून राहावा, पावसाने धुवून जाऊ नये म्हणूनच असतो. त्याला पान काय आणि बॉनेट काय.

किटचा शाम्पू एकदा, दोनदा, तीनदा. फेस भरपूर, ठिपके जागच्या जागी. नखाने खरवडायला गेले तर ह्यांनी हात धरला. सासूबाई ओट्यावरून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, घंगाळ कशानं घासती तू?"

चिंचेने! तांब्याच्या घंगाळाला आपण साबण लावतो का कधी? आंबट लागतं. मोरचूद म्हणजे तांबंच, आणि सोबतीला चुना, तोही आंबटाला विरघळणारा. साबणाचं काम तेलकट मळ सोडवायचं. इथे तेलाचा थेंब नव्हता, मग शाम्पू बिचारा करणार काय?

चिंचेचा कोळ लावून पाहिला, ठिपका गेला. पण चिंचेत रेषा, टरफलाचे तुकडे, म्हणजे पुन्हा रेघा पडायची भीती. लिंबू चिकट होतं आणि एवढ्या गाडीला किती पिळणार? मग चायनीजसाठी आणलेली पांढऱ्या व्हिनेगरची बाटली काढली. किराण्यात ४०-५० रुपयांना मिळते. त्यात आम्ल ४ टक्क्यांच्या आसपास असतं, तरी मी निम्मं पाणी घातलं. पद्धत अशी: गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. सुती फडकं त्या पाण्यात भिजवून ठिपक्यांवर नुसतं पसरून ठेवायचं, घासायचं नाही. दोन-तीन मिनिटं. ठिपक्याच्या कडा आधी सुटतात, मग मधला भाग फिका हिरवट होतो आणि फडक्याला निळसर ओल लागते. अलगद उचलून पुसायचं आणि लगेच भरपूर पाणी मारायचं. आंबट पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही. बॉनेटला पाऊण तास लागला. पूर्ण गाडीला सकाळ गेली, पण एकही ठिपका राहिला नाही.

एवढ्याने मी शेफारले आणि तोच प्रयोग पिकअपच्या पुढच्या बंपरवर केला. तिथला रंग दोन-तीन ठिकाणी उडालेला होता, खालचं लोखंड उघडं. फडकं उचललं तर त्या उघड्या लोखंडावर तांबूस झाक. बोर्डो करताना गडी विळ्याचं पातं बुडवून बघतात ना, पात्यावर तांबूस लेप चढला की मोरचूद जास्त झालं, अजून चुना घाला म्हणतात, हुबेहूब तेच. मी व्हिनेगरने मोरचुदाचं तांबं पुन्हा मोकळं केलं आणि लोखंडाने ते अंगावर घेतलं. आठवड्यात तिथे गंज धरला. तेव्हा रंग उडालेल्या जागी हा उपाय करू नका. करायचाच झाला तर आधी ती जागा टेपने झाका.

दुसरी चूक पार्किंगमध्ये कळली. आमच्याकडे अंगणात शहाबादी फरशी आहे. शहाबाद म्हणजे चुनखडीचाच दगड, तोही आंबटाला तसाच विरघळतो. गाडीवरून जे ओघळलं त्याने फरशीची चमक गेली, पांढुरके ओघळ अजून आहेत. सासूबाई पाहुण्यांना आवर्जून दाखवतात. आता गाडी मातीवर घेऊन मगच व्हिनेगर.

काचेवरचे पांढरे डागही याच घराण्यातले. बोअरचं पाणी जड आहे. भर दुपारी गाडी धुतली की पाणी उडून जातं आणि क्षार काचेवर राहतो, गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. हेच निम्म्या पाण्याचं व्हिनेगर त्यावर दोन मिनिटांत काम करतं. पण डाग पडूच नयेत म्हणून शेवटचं पाणी कुठलं मारतो ते बघावं. महापालिकेच्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, ते बोअरपेक्षा पुष्कळ सौम्य. शेवटची बादली मी त्याचीच घेते. उन्हाळ्यात एसीच्या नळीचं पाणी बादलीत साठवते. ते हवेतलंच निवळलेलं पाणी, त्यात क्षार नाहीत, काचेवर मारलं तर डाग पडत नाही. याच्या उलट आरओचं टाकाऊ पाणी. गाडी धुवायला ते वापरा, पाणी वाचेल, असं सगळीकडे सांगतात. वाचेल, पण गाळून उरलेला सगळा क्षार त्याच पाण्यात असतो. चिखल सोडवायला पहिल्या बादलीत चालेल, शेवटच्या बादलीत नको.

बाकीच्या युक्त्या भराभर सांगते, कारण निम्म्या करून पाहिल्या आणि निम्म्या पुतण्याने माझ्या परवानगीशिवाय करून पाहिल्या.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून टाकायचं, असे व्हिडिओ ढिगाने आहेत. फेस फार छान येतो. फेस बसला की उरतं काय? एक आंबट, एक खारट, दोघांनी एकमेकांना मारून टाकलेलं असतं आणि बादलीत जवळजवळ नुसतं पाणी. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, त्यातून क्लोरिन वायू सुटतो.

हेडलाइटला टूथपेस्ट: खरी गोष्ट आहे, पण अर्धी. हेडलाइट प्लास्टिकचा असतो, उन्हाने त्यावरचा संरक्षक लेप जातो आणि पिवळा पडतो. पांढऱ्या पेस्टमध्ये बारीक घासणी असते, ती पिवळा थर खरवडते. माझा उजवा दिवा लख्ख झाला. तीनेक महिन्यांनी पुन्हा पिवळा, कारण घासून लेप परत येत नाही. रात्रीचं दूर जायचं असेल त्याच्या आदल्या दिवशी करायला हरकत नाही. पुतण्याने तीच पेस्ट स्पीडोमीटरच्या पुढच्या प्लास्टिकला लावली. तेव्हापासून मी ४० वर आहे की ६० वर, हे अंदाजाने ठरवते.

डांबराचे थेंब गोडेतेलाने निघतात. कापसाचा बोळा तेलात भिजवून दहा मिनिटं ठेवायचा, मग पुसून साबणाने तेल काढायचं. पिकअपवाले भाऊ यासाठी डिझेल वापरतात, आणि त्याच फडक्याने सगळी गाडी पुसून "बघा वहिनी, शोरूमची झाली" म्हणतात. तासभर होते खरी. मग त्या डिझेलवर यार्डातली सगळी धूळ येऊन बसते, आणि दाराचं रबर फुगतं ते वेगळंच. भाऊंना मी हे चार वेळा सांगितलंय.

पक्ष्यांची घाण आणि झाडाचा डिंक यांना ओलं फडकं दहा मिनिटं पांघरून ठेवणं एवढंच. मात्र त्याच दिवशी. उन्हात राहिली की पक्ष्याची शीट रंगाच्या वरच्या थराला खाते, मग खाली पॉलिशवाल्याकडेच जावं लागतं. भांड्याचा साबण गाडीच्या रंगाला रोज लावू नका, वॅक्स केलेलं असेल तर तेही धुवून नेतो. पिकअपच्या हौद्याला मात्र तोच बरा. हौद्यात द्राक्षाचा रस सांडून माश्या आणि गांधीलमाश्या यायला लागल्या तर साबणाचीही गरज नाही. ती साखर आहे, गरम पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या की वाहून जाते. फक्त क्रेट उतरवल्यावर लगेच ओता, दुसऱ्या दिवशी ती आंबते.

आंबण्यावरून आठवलं. कोजागिरीला दीराकडे मसाला दूध घेऊन चाललो होतो. मखमलाबाद नाक्यावर एक दुचाकी आडवी आली, ब्रेक लागला आणि दोन लिटर दूध मागच्या सीटखाली. केशर-वेलदोड्यासह. त्या रात्री वास सुंदर येत होता. तिसऱ्या दिवशी मात्र गाडीत बसवेना.

आधी आम्ही सगळ्यांसारखंच केलं, आरशाला सुगंधी पुडी लटकवली. नासलेलं दूध अधिक मोगरा. मग कापराच्या वड्या, त्याने फक्त डोकं चढलं. मग एका रविवारी सीटच काढली. गालिचाखाली जो फोम असतो तो स्पंजासारखा दूध पिऊन बसला होता, वरून कितीही पुसा, वास खालून येणार. गार पाणी टाकून कोरड्या टॉवेलने दाबून दाबून काढलं. गरम पाणी मुद्दाम नाही घेतलं, दुधाचा चोथा गरम पाण्याने आणखी घट्ट धरतो. पाणी स्वच्छ यायला लागल्यावर उन्हात वाळवलं आणि संध्याकाळी खाण्याचा सोडा पेरला, चांगला पाव किलो, पिठी रांगोळीसारखा. सकाळी व्हॅक्यूमने ओढला. नासलेल्या दुधाचा वास आंबट आम्लांचा असतो आणि सोडा आम्लालाच धरतो, म्हणून हा उपाय अत्तरापेक्षा बरा. तरी एका रात्रीत झालं नाही. तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सासूबाई मागे बसल्या आणि काही बोलल्या नाहीत, तेव्हा समजले की गेला.

पावसाळ्यातला कुबट वास वेगळा. तिथे सोडा पेरून काही होत नाही, ओल काढावी लागते. मॅट उचलून खाली जुने पेपर, रोज बदलायचे. घरापासून दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा म्हणजे आतली कॉइल वाळते. आणि दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी निघून जायला. आमच्या मातीने ती बुजतात. त्र्यंबककडून आलो की मी खराट्याची काडी घेऊन चारही दारांची भोकं मोकळी करते. पहिल्या वेळी डाव्या मागच्या दारातून तांब्याभर गढूळ पाणी भळकन पायावर आलं होतं. दारातल्या दारात गंज धरत होता आणि मी बाहेरून पॉलिश करत होते. वायपरखालच्या जाळीतला पालाही तसाच हाताने काढा, नाहीतर पाणी आत पायापाशी येतं.

काचा पेपरने पुसणं जुनी गोष्ट आहे आणि ती टिकली ते बरोबरच. पातळ व्हिनेगर फवारायचं, पेपर चुरगळून पुसायचं. आतल्या बाजूला धुरकट थर असतो तो यानेच जातो. फक्त शाई हाताला लागते आणि पांढऱ्या प्लास्टिकलाही, म्हणून कडा किटच्या कापडाने. ती कापडं खरंच चांगली निघाली. दीड वर्षं झालं. वेगळी धुते, कंफर्ट वगैरे काही घालत नाही, सुती कपड्यांत तर मुळीच टाकत नाही, तंतू धरतात.

हे सगळं करण्यापेक्षा वॉशिंग सेंटरला का नाही देत, असं ऑफिसात विचारतात. देत होते. घराजवळच्या एकाकडे ३५० रुपये व्हायचे. एकदा मुलाने विचारलं, "मॅडम, इंजिन पण मारू?" मी घाईत हो म्हटलं. त्याने बॉनेट उघडून प्रेशरचा पाइप सरळ आत धरला. घरी येईपर्यंत इंजिनचा पिवळा दिवा लागला, गाडी धक्के मारायला लागली. कुठल्याशा कनेक्टरमध्ये पाणी. गॅरेजवाल्याने वाळवून दिलं, १,१०० रुपये. सेंटरवाला म्हणाला, आधीपासूनच असेल. आता बॉनेटखाली मी फक्त कोरडा ब्रश आणि पिळलेलं फडकं फिरवते. नदीवर गाडी नेऊन धुणाऱ्यांशी तर मला वादच घालायचा नाही. तो साबण खाली रामकुंडावर जातो आणि तिथे लोक डुबकी मारतात.

तर दुसरा तारा. किटमधला काचेचा स्प्रे महिन्यात संपला, पण त्याची बाटली भलती चांगली आहे. तोंड फिरवलं की बारीक धुकं येतं, गळत नाही, दांडा मोडलेला नाही. त्यात आता व्हिनेगर-पाणी असतं. लेबल खरवडून वर मार्करने 'गाडी' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण ह्यांनी एकदा उष्म्याने घाबरून गुलाबपाणी समजून तोंडावर मारून घेतलं होतं.